अर्धाच संच हाती आलाय? मास्त्रिख्तची जुनी जेवणाची भांडी ओळखून संच पूर्ण कसा करायचा

आमच्या शेजारच्या डच आजींनी मोठं घर विकून लहान फ्लॅट घेतला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याचं एक खोकं आमच्या दारात आणून ठेवलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अकरा प्लेटा, चार सूपप्लेटा, तीन कप, पाच बश्या आणि झाकण हरवलेला एक डोंगा. पांढरटसर मातीवर लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांची ठसठशीत फुलं. "माझ्या आईचं आहे. मुलांना नकोय. तू जेवायला वापरशील ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

या नक्षीला इथे, नेदरलँड्समध्ये, 'बूरनबोंट' म्हणतात, आणि आजींची बहुतेक भांडी मास्त्रिख्त या डच शहरात बनलेली. बूर म्हणजे शेतकरी आणि बोंट म्हणजे रंगीबेरंगी. आठ माणसांचा संच पूर्ण करायचा असं मी ठरवलं आणि एक कप सोडता तो जुळवायला दीड वर्ष लागलं. त्यातले पहिले सहा महिने चुकीच्या प्लेटा घेण्यात गेले, कारण मी नक्षीचं नाव बघून खरेदी करत होते. संच नावाने जुळत नाही. तो मापाने, मातीच्या रंगाने आणि पाठीवरच्या शिक्क्याने जुळतो. नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या, जुन्या वस्तूंच्या दुकानात अशा भांड्यांपुढे पाय थबकणाऱ्या, किंवा माझ्यासारखा कुणाचा तरी अर्धा संच मिळालेल्या मराठी माणसांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

हाताशी काय ठेवायचं

- शिवणकामाची टेप आणि साधी पट्टी
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- भिंग (दहा पट मोठं दाखवणारं पुरतं)
- मोबाइलचा टॉर्च
- एक वही. मोबाइलमध्येही लिहून ठेवा, पण दुकानात दोन्ही हातांत प्लेट असताना वही बरी पडते.
- आपल्या संचातली एक बशी. बाजारात जाताना ती पिशवीत असू द्या. याचं कारण पुढे येईल.

१. काहीही विकत घेण्याआधी घरातलं सगळं मोजा

सगळी भांडी टेबलावर चादर अंथरून उलटी मांडा. नक्षी खाली, पाठ वर. प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वजन करा, बुडाच्या कड्याचा व्यासही घ्या. बुडाचं माप बहुतेक लोक घेत नाहीत आणि नेमकं तेच उपयोगी पडतं. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्लेटांचं बूड वेगळं असेल तर त्यांचे साचे वेगळे, आणि थप्पी लावली की ती डगमगते.

जुन्या जेवणाच्या प्लेटा आजच्या २६-२७ सेंटिमीटरच्या प्लेटांपेक्षा लहान असतात. त्यामुळे "ही जेवायची की नाश्त्याची?" असा गोंधळ होतो. माप लिहिलेलं असलं की तो राहत नाही. एकाच साच्यातल्या दोन प्लेटांमध्येही दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो, कारण भट्टीत माती आकसते. एवढा फरक सोडून द्या. सेंटिमीटरभर फरक असेल तर ती प्लेट वेगळ्या आकाराची आहे.

हे मी पैसे घालवून शिकले. एका विक्रेत्याकडून फोटो बघून चार प्लेटा मागवल्या होत्या. नक्षी तीच, कारखाना तोच. पार्सल उघडलं तर प्लेटा माझ्यापेक्षा दीड सेंटिमीटरने लहान निघाल्या आणि माती चक्क निळसर पांढरी होती. माझी माती सायीच्या रंगाची. टेबलावर त्या कुठल्या तरी दुसऱ्या घरच्या वाटत होत्या. विक्रेत्याने माप लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

२. माती ओळखा

प्लेटेच्या मागे टॉर्च धरा आणि पुढून बघा. उजेड आरपार येऊन बोटांची सावली दिसली तर ते पोर्सेलीन, म्हणजे खरी चिनी माती. उजेड अडला तर ते झिलई चढवलेलं मातीचं भांडं. मास्त्रिख्तच्या जुन्या जेवणाच्या संचांतली बहुतेक भांडी या दुसऱ्या प्रकारची आहेत.

मग टिचकी. प्लेट बोटांच्या टोकांवर तोला आणि कडेला हलकी टिचकी मारा. उन्हाळ्यात माठ घेताना आपण जसं वाजवून बघतो, अगदी तसंच. धड प्लेट नाद देते, पोर्सेलीन जास्त खणखणीत, मातीची जरा कमी. बद्द आवाज आला की कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

३. पाठ वाचा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबू.

डच जेवणाच्या भांड्यांची गोष्ट मोठ्या प्रमाणात मास्त्रिख्त या एका शहराची आहे. पेत्रुस रेगू (१८०१–१८७८) हे तिथले व्यापारी. त्यांनी १८३४ मध्ये काचेला पैलू पाडण्याचं काम सुरू केलं आणि १८३६ पासून मातीची भांडी करायला घेतली. त्यांच्या शिक्क्यावर पुढचे पाय पसरून बसलेला स्फिंक्स असतो. १८९९ मध्ये कंपनीचं नाव 'द स्फिंक्स' झालं, पण शिक्क्यात रेगूंचं नाव त्यानंतरही येत राहिलं. म्हणून 'रेगू लिहिलंय म्हणजे १८९९ आधीचं' हे गणित मांडू नका. विक्रेते ते हमखास मांडतात.

दुसरा मोठा कारखाना सोसिएते सेरामिक, स्थापना १८६३. मास नदीच्या दुसऱ्या काठावरचा. शिक्क्यावर सिंह. शेजारच्या आजींचा संच मुख्यतः याचा. हे दोन्ही प्रतिस्पर्धी १९५८ मध्ये एकत्र आले आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथली जेवणाची भांडी बंद झाली. 'रॉयल स्फिंक्स' असा शिक्का दिसला तर भांडं या विलीनीकरणानंतरचं समजा.

तिसरं नाव मोसा. रेगू घराण्यातल्याच लुई रेगू यांनी १८८३ मध्ये काढलेला कारखाना. मोसाची भांडी पोर्सेलीनची असतात, त्यामुळे टॉर्चच्या चाचणीत लगेच वेगळी पडतात. ही कंपनी आजही आहे, पण आता फरशा करते.

आणि चौथं नाव डच नाहीच. बॉख, बेल्जियममधल्या ला लूव्हिएरचा, १८४१ चा कारखाना. बूरनबोंट बॉखनेही काढलं आणि बाजारात ते भरपूर मिळतं. काही निळ्या 'डेल्फ्ट' प्लेटांवर (डेल्फ्ट हे निळ्या नक्षीच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं डच शहर) तर रॉयल स्फिंक्ससाठी बॉखने बनवल्याचं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही नावं एकाच शिक्क्यात. बॉखची भांडी वाईट नाहीत. पण ती मास्त्रिख्तच्या संचात बेमालूम मिसळत नाहीत, फुलांची ठेवण आणि रंगांची छटा वेगळी पडते. माझ्या खोक्यातल्या अकरापैकी दोन प्लेटा बॉखच्या निघाल्या. आजींच्या आईनेही केव्हातरी फुटलेल्या प्लेटांच्या जागी मिळतील त्या आणल्या असणार. त्या दोन मी काढून टाकल्या नाहीत, फक्त मोजणीत धरल्या नाहीत.

शिक्का वाचताना या गोष्टींत लोक फसतात:

- शिक्क्यातलं साल. १८३६ किंवा १६५३ असा आकडा दिसला की विक्रेता तेच साल सांगतो. १८३६ ही रेगूंच्या भांडी-कारखान्याची सुरुवात, १६५३ ही डेल्फ्टच्या 'द पोर्सलेन फ्लेस' या कारखान्याची. भांडं त्या साली झालं असा त्याचा अर्थ नाही.
- शहराचं स्पेलिंग. जुन्या शिक्क्यांत मास्त्रिख्त 'एम-ए-ई' असं लिहिलेलं असतं, आजचं स्पेलिंग 'एम-ए-ए' आहे. पण सोसिएते सेरामिकने जुनं स्पेलिंग विसाव्या शतकातही वापरलं. त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवरून वय ठरत नाही.
- देशाचं नाव. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून 'हॉलंड' लिहिलेलं भांडं साधारण त्यानंतरचं. 'मेड इन हॉलंड' असं पूर्ण लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातलं.
- मातीत दाबलेले आकडे आणि अक्षरं. साच्याचे किंवा कारागिराचे असू शकतात. त्यावरून साल काढायला जाऊ नका.

पाठीवर आणखी एक खूण बघा. खिडकीच्या उजेडात प्लेट तिरकी धरली की झिलईत तीन बारीक खरखरीत ठिपके दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढे. भट्टीत प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तीन टोकांच्या आधारांवर ठेवत, त्यांचे हे व्रण. बोट फिरवलं की लागतात. पहिल्यांदा ते टवके वाटले होते मला. ते दोष नाहीत, उलट जुन्या पद्धतीच्या भाजणीची खूण आहेत.

डेल्फ्टबद्दल थोडक्यात. द पोर्सलेन फ्लेसच्या शिक्क्यात बाटलीसारखी बरणी, १८७६ मध्ये कारखाना विकत घेणाऱ्या योस्ट थोफ्ट यांची आद्याक्षरं आणि 'डेल्फ्ट' असं लिहिलेलं असतं. बाजूला चित्रकाराची खूण आणि वर्षाचं अक्षर. १८७९ साठी 'ए', तिथून दर वर्षी पुढचं. १९०५ पासून दोन अक्षरं. एवढं नेमकं साल मास्त्रिख्तच्या भांड्यांवर मिळत नाही. नुसतं 'डेल्फ्ट्स ब्लाऊ', म्हणजे डेल्फ्टचं निळं, असं लिहिलेली प्लेट मात्र बहुतेकदा पर्यटकांसाठीची.

४. नक्षी हाताची की छापाची?

भिंग काढा. बूरनबोंट हाताने रंगवतात. एक पाकळी म्हणजे कुंचल्याचा एकच फटकारा. टेकवला तिथे रंग गडद आणि जाड, उचलला तिथे पातळ होत गेलेला. सुरुवातीला रंगाचा छोटा थेंब साचलेला दिसतो. दोन प्लेटांवरचं तेच फूल शेजारी ठेवलं तर कुठल्याच दोन पाकळ्या एकसारख्या नसतात. पाकळी न पाकळी जुळली तर ती छापील आहे, आणि भिंगातून वर्तमानपत्राच्या फोटोसारखे ठिपके दिसले तर अलीकडची.

मास्त्रिख्तच्या निळ्या, तपकिरी, हिरव्या एकरंगी नक्ष्या मात्र बहुतेक छापाच्या असतात. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर ठसा घेत आणि तो कागद प्लेटेवर चिकटवत. काठाची वेलबुट्टी नीट बघा, कुठेतरी जोड सापडतो, वेल तुटून पुन्हा सुरू होतो. जुन्या छापाच्या प्लेटेला असा जोड बहुतेकदा असतो.

रेगूंच्या या छापील नक्ष्यांची नावं मागे लिहिलेली असतात: पायोंग, तिमोर, स्लामत. पायोंग म्हणजे छत्री. ही भांडी आजच्या इंडोनेशियात, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीत खपत असत, म्हणून ही मलाय नावं. स्लामत म्हणजे आपलं 'सलामत'. अरबीतून तिकडे गेलेला तोच शब्द डच प्लेटेच्या पाठीवर वाचला तेव्हा मी ती प्लेट बराच वेळ हातातून खाली ठेवली नव्हती.

'विलो' या नक्षीपासून सावध राहा. पूल, झाड, दोन पक्षी. ती मास्त्रिख्तमध्ये झाली, पण कितीतरी इंग्लिश कारखान्यांनीही केली. विलोचा संच जुळवत असाल तर शिक्का बघितल्याशिवाय एकही प्लेट घेऊ नका.

५. काय कमी आहे ते ठरवा, आणि काय नको तेही

आठ माणसांच्या संचासाठी मी ही यादी धरली. दुकानात डच शब्द कामाला येतात म्हणून तेही देते:

- जेवणाची सपाट प्लेट (प्लाट बोर्ट): ८
- खोलगट सूपप्लेट (डीप बोर्ट): ८
- नाश्त्याची प्लेट (ओंटबाइटबोर्ट): ८
- कपबशी (कोप एन स्खोटल): ८
- झाकणाचा डोंगा (डेकस्खाल): १ किंवा २
- सॉसची चोचवाली वाटी (सौसकोम): १
- दुधाचा जग (मेल्ककान): १

सपाट प्लेटा सहज मिळतात. कप फुटतात आणि बश्या उरतात, म्हणून सुट्या बश्या खूप दिसतात आणि कप दुर्मिळ. डोंग्याची झाकणं सगळ्यात अवघड. झाकण सुटं विकायला आलं तर आतल्या ओठाचा, म्हणजे डोंग्यात बसणाऱ्या कड्याचा व्यास विचारा. बाहेरचं माप उपयोगाचं नाही. मला झाकण चौदा महिन्यांनी मिळालं, तेही फुटक्या डोंग्यासकट अख्खं घेऊन.

६. कुठे शोधायचं

क्रिंगलोप. लोकांनी दान दिलेल्या वस्तूंची दुकानं, जवळपास प्रत्येक गावात. किमती कमी आणि भांडं हातात घेऊन बघता येतं. खालच्या फळीवरच्या थप्प्या उलगडून बघा, एका अनोळखी प्लेटेखाली आपली असते.

मार्क्टप्लाट्स. वापरलेल्या वस्तूंची इथली सगळ्यात मोठी ऑनलाइन बाजारपेठ. शोधताना कारखाना आणि नक्षी दोन्ही नावं वेगवेगळी टाका, कारण पुष्कळ लोकांना कारखाना माहीतच नसतो आणि ते नुसतं 'औट सर्व्हीस', म्हणजे जुना संच, असं लिहितात. 'ओपहालन' म्हणजे येऊन घेऊन जा, 'फरझेंडन' म्हणजे पाठवतील. शक्य असेल तिथे स्वतः जा.

कोनिंग्सडाख. २७ एप्रिल, राजाचा वाढदिवस (रविवार आला तर २६). त्या दिवशी लोक घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात. सकाळी लवकर निघा. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तर भागातला एयहालन हा जुना बाजारही मोठा आहे.

इथेच ती पिशवीतली बशी काढायची. मातीचा रंग लक्षात राहत नाही. सायीचा, करडा, निळसर, हे सगळे दुकानाच्या दिव्याखाली 'पांढरे' दिसतात. बशी शेजारी ठेवली की निर्णय एका क्षणात होतो.

डोळा तयार करायचा असेल तर लीवर्डनच्या प्रिन्सेसेहोफ या कुंभारकामाच्या संग्रहालयात एक दिवस घालवा. मास्त्रिख्तलाही जा. सोसिएते सेरामिकची जागा आज सेरामिक याच नावाची वस्ती आहे. तिथे कारखान्याची १९१२ ची काँक्रीटची इमारत, वीबेंगाहाल, अजून उभी आहे.

७. विक्रेत्याला काय विचारायचं

संकोच करू नका. डच माणूस थेट प्रश्नाला थेट उत्तर देतो, आणि न विचारलेलं सांगेलच असं नाही. मी हे पाठवते: व्यास किती, पाठीचा फोटो, कडेचा जवळून फोटो, आणि खालच्यापैकी काही आहे का?

- बार्स्ट: तडा. नको.
- हारलाइन: केसाएवढी चीर. नको, ती गरम वरणाने वाढते.
- स्खिल्फर: टवका. बुडाला असेल तर चालेल, काठाला असेल तर हाताला आणि ओठाला लागतो.
- क्राकले: झिलईला पडलेली बारीक जाळी. शोभेला चालेल. जेवायला नको, कारण तेल-हळद जाळीतून मातीत उतरते आणि निघत नाही.

डागडुजी लपवलेली असू शकते. काठावरून डोळे मिटून बोट फिरवा. रंगवलेला भाग जरा कोमट आणि मऊ लागतो, झिलई थंड लागते.

८. धुणं आणि वापर

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. डिशवॉशर नाही, मायक्रोवेव्हही नाही. डाग काढायला क्लोरीनचं ब्लीच मुळीच घालू नका, ते मातीत मुरतं आणि झिलई आतून सोलवटू शकते.

आता आपल्या जेवणाचा प्रश्न. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात. म्हणून या भांड्यांत सोलकढी, चिंचेची आमटी, लोणचं, दही काहीही ठेवायचं नाही. कोरडी भाजी, पोळी, केक, बिस्किटं यांसाठी मी प्लेटा काढते आणि पदार्थ त्यांत साठवून ठेवत नाही. लहान मुलांना त्यात रोज जेवू घालत नाही. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांच्या आईकडेही हा संच रविवारीच निघायचा.

९. भारतात नेताना

प्लेटा आडव्या रचू नका. प्रत्येक वेगळी गुंडाळून उभ्या ठेवा, पुस्तकं ठेवतो तशा. आडव्या थप्पीत सगळं वजन तळच्या प्लेटेवर येतं आणि एका धक्क्यात तीन-चार जातात. कपांच्या आत कागद भरा, कान वेगळे गुंडाळा. झाकण डोंग्यावर ठेवून कधीच बांधू नका. मी सहा नाश्त्याच्या प्लेटा केबिन बॅगेत मऊ टॉवेलांमध्ये उभ्या घालून पुण्याला नेल्या, सहाही धड पोचल्या.

आणि नवीन नग घरी आला की त्याच दिवशी वहीत लिहा: माप, वजन, शिक्का, कुठून, किती युरोंना. माझ्या वहीत आता एकोणचाळीस नोंदी आहेत. एक कप अजून हवा आहे, सिंहाच्या शिक्क्याचा, तोंडाचा व्यास ८६ मिलिमीटर.